जखमेत ड्रेन ठेवून कुत्रा घरी पाठवलाय, शुक्रवारपर्यंत काय काय बघायचं?

वारजेकर (प्रश्न)

लॅब्राडॉर, नर, ४ वर्षं, वजन २७ किलो. परवा संध्याकाळी सोसायटीच्या गेटबाहेर तीन भटक्या कुत्र्यांनी धरलं. चावे उजव्या खांद्यामागे, बरगड्यांवर. बाहेरून चार बारीक भोकं दिसत होती, पण भूल देऊन उघडल्यावर आत वीतभर कातडी मांसापासून सुटलेली निघाली. आतून धुऊन टाके घातलेत आणि आतलं पाणी निघून जावं म्हणून दोन चपट्या रबरी नळ्या (ड्रेन) ठेवल्यात. दोन्हींची खालची टोकं काखेच्या मागे, छातीच्या बुडाशी बाहेर आलीत, प्रत्येकी साधारण ३ सेंमी. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. औषधं: अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट दिवसातून दोनदा, मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध एकदा. ड्रेन काढायला शुक्रवारी बोलावलंय.

घरी आल्यापासून लालसर पाणी सारखं ठिबकतंय, फरशीभर डाग. इतकं चालतं का? वर पट्टी बांधायची की उघडं ठेवायचं? पुसायला घरात डेटॉल, सॅव्हलॉन, बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड सगळं आहे, शिवाय आईचा हळदीचा आग्रह. तळमजल्यावर राहतो, पावसामुळे माशा भरपूर. आणि डॉक्टरांना फोन नेमका कधी करायचा? उगाच दर तासाला त्रास द्यायचा नाहीये.

नळस्टॉप

ठिबकतंय तोवर निश्चिंत राहा. कालपर्यंत ठिबकणारं आज सकाळी अचानक कोरडं पडलं आणि वरची कातडी फुगली, तर काळजी करा.

तुमच्या वर्णनावरून हा पेनरोज ड्रेन. मऊ लॅटेक्सची चपटी नळी असते आणि पाणी मुख्यतः तिच्या बाहेरच्या अंगाने सरकत खाली येतं, पोकळीतून फारसं नाही. म्हणून तिला भोकं पाडणं, तिच्यात सिरिंजने सलाईन मारणं यातून काही साधत नाही. उलट खालची घाण वर ढकलली जाते. ओढणारं यंत्र वगैरे काही नाही, सगळी भिस्त उतारावर. खालचं तोंड मोकळं राहिलं पाहिजे एवढीच त्याची अट. ते तोंड तीन गोष्टींनी बुजतं: वाळलेली खपली, घट्ट बांधलेली पट्टी, आणि वरून भुरभुरलेली कुठलीही पावडर. तिसऱ्यात निओस्पोरिन पावडरही आली आणि हळदही. आईंना सांगा, हळद दुधातून स्वतः घ्या. ड्रेनच्या तोंडाशी ती पाण्यात कालवली जाते, वाळून लुकणासारखी बसते आणि खालचा पू आतच कोंडतो. शिवाय पिवळ्या डागात पू कुठला आणि हळद कुठली हे डॉक्टरांनाही कळत नाही.

साफसफाई सकाळ-संध्याकाळ, खूप वाहत असेल तर दुपारीही. दोन माणसं हवीत. एकाने डोक्याशी बसून मान धरायची आणि बोलत राहायचं, दुसऱ्याने काम करायचं.

हात लावायच्या आधी फोटो घ्या, रोज त्याच अंतरावरून, नळीशेजारी प्लास्टिकची मोजपट्टी धरून. बाहेर किती सेंमी आहे ते लिहा. आज ३ आणि उद्या दीड, म्हणजे नळी आत सरकतेय. उद्या ५, म्हणजे वरचा टाका सुटलाय. दोन्ही वेळा त्याच दिवशी फोन.

हात साबणाने धुऊन हातमोजे घाला. सलाईनची १०० मिलीची बाटली कोमट पाण्याच्या भांड्यात पाच मिनिटं उभी ठेवा. त्यात गॉझ चिंब भिजवून तोंडाशी जमलेल्या खपलीवर नुसता ठेवा, तीन ते पाच मिनिटं. घासायचं नाही. खपली फुगून स्वतःच सुटते. मग भोकापासून बाहेरच्या दिशेने एकच हात फिरवायचा आणि तो गॉझ टाकून द्यायचा. पुढच्या हाताला नवा गॉझ. बाहेरून भोकाकडे कधीच नाही. दोन ड्रेन आहेत तर दोन्हींसाठी वेगळे गॉझ. नळी चिमटीत धरून हलवून बघायचा मोह होतो, तो आवरा. एका टाक्यावर टिकून आहे ती.

कापूस वापरू नका, तंतू टाक्यांत अडकतात.

सलाईनच्या ५०० मिलीच्या बाटलीपेक्षा १०० मिलीच्या घ्या. उघडलेली बाटली २४ तासांनी टाकून द्यायची असते आणि मोठी टाकवत नाही, मग ती चार दिवस चालते. अडलंच तर घरी १ लिटर पाणी पंधरा मिनिटं उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चहाचा चमचा. झाकून गार करा. तेही एकच दिवस.

आता तुमच्या बाटल्या. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसतं म्हणून काम केल्यासारखं वाटतं, पण भरून येणारं कोवळं मांसही जाळतं. बंद. डेटॉल आणि सॅव्हलॉन जखमेवर नको. कातडी चुरचुरते आणि कुत्रा चाटतो, ते पोटात जातं. बीटाडीन चालेल, पण लेबल वाचा. आपल्याकडे ५ टक्के आणि १० टक्के दोन्ही मिळतं. ५ टक्केवालं असेल तर एका भागाला चार भाग सलाईन, १० टक्केवालं असेल तर नऊ भाग. फिकट कोऱ्या चहाचा रंग आला पाहिजे. तेही नळीभोवतीच्या कातडीपुरतं. बाटलीवर ‘स्क्रब’ लिहिलं असेल तर त्यात साबण असतो, तो हात धुवायला, जखमेला नाही. ही चूक फार होते, कारण बाटल्या सारख्याच दिसतात.

भोकाखालची कातडी सारखी ओली राहून लाल होते, साल निघते. तिथे व्हॅसलीनचा पातळ हात द्या, पण नळीपासून दोन सेंमी लांब. लॅटेक्सला तेलकट काही लागलं की ते कमजोर होतं. खोबरेल तेल, तूप, मलम, सगळ्यांना हेच लागू.

शनिपार

पट्टीबद्दल. काखेमागची जागा बांधायला वाईट. क्रेप बँडेज छातीभोवती गुंडाळलं की दोन तासांत सरकून दोरी होते आणि काखेत काचतं, आणि सैल ठेवलं तर राहतच नाही. सोपा मार्ग म्हणजे जुना सुती टी-शर्ट, तुमच्या लॅबला माणसाचा मध्यम मापाचा होईल. पुढचे पाय बाह्यांतून काढा, पाठीवर जादा कापड गोळा करून रबरबँड लावा म्हणजे पोटाशी लोंबणार नाही. टी-शर्टाच्या आतल्या बाजूला, ड्रेनच्या तोंडासमोर सॅनिटरी पॅड चिकटवा. चिकट बाजू कापडाला, शोषणारी बाजू कातडीकडे. पॅड नळीवर दाबून बसता कामा नये, नुसता टेकलेला हवा. भिजला की बदलायचा, सुरुवातीला दिवसाला तीन-चार लागतील. ओला पॅड अंगावर ठेवून झोपवलं तर रात्रभरात कातडी चिघळते.

खाली अंथरायला मेडिकलमध्ये मोठ्या माणसांचे अंडरपॅड मिळतात, ६० बाय ९० सेंमीचे. मात्र कुत्र्याला फाडायची सवय असेल तर त्यावर जुनी चादर घाला, आतली जेल पोटात जायला नको. पोतं, चटई नको. वर्तमानपत्र तर नकोच, चिकटून बसतं. गॉझ, मायक्रोपोर, हातमोजे एकदम घ्यायचे तर सदाशिव पेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत खोक्याने घ्या, सुटे घेण्यापेक्षा स्वस्त पडतात.

मोजमाप करायची एक युक्ती. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कोरडा पॅड तोला, काढल्यावर पुन्हा तोला. फरक १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. फरशीवर सांडलेलं यात धरलं जात नाही, त्यामुळे आकडा अचूक नसतो. पण काल ९०, आज ६० असा उतार दिसला की डॉक्टरांना शुक्रवारी ठरवायला सोपं जातं. ड्रेन स्वतः परकी वस्तू आहे, तो आत असेपर्यंत शरीर थोडं पाणी सोडतच राहतं. किलोमागे दिवसाला २ मिली तरी धरतात, तुमच्या लॅबला ५० मिलीच्या आसपास. म्हणजे पूर्ण कोरडं होईपर्यंत ड्रेन ठेवू असं म्हणत बसलात तर तो दिवस यायचा नाही.

गॉझपट्टी

कॉलरबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून! ड्रेनचं वाटोळं सगळ्यात जास्त कशाने होतं तर कुत्र्याच्या दातांनी. एका ओढीत नळी बाहेर येते, किंवा अर्धी तुटून अर्धी आत राहते, आणि दुसरं जास्त वाईट. आत राहिलेला तुकडा पुढे कितीतरी दिवसांनी गळू होऊन वर येतो. बऱ्याच नळ्या एक्स-रेत दिसत नाहीत, त्यामुळे शोधायला पुन्हा भूल.

प्लास्टिकचा कोन घ्या, नाकाच्या शेंड्यापुढे दोन-तीन सेंमी येईल एवढा. गळ्याशी दोन बोटं जातील इतका सैल. फुगवायची गोल उशी मिळते ती खांद्यामागच्या जखमेला पुरत नाही, लॅब मान वळवून आरामात पोचतो. कोन २४ तास. ‘आम्ही समोरच आहोत’ हे कारण चालत नाही, टीव्हीकडे मान वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात काम होतं. फक्त जेवताना काढायचा, तोही एक हात कुत्र्यावर ठेवून. कोनासकट पाणी पिता यावं म्हणून भांडं कोनाच्या तोंडापेक्षा अरुंद घ्या आणि पाटावर किंवा उलट्या पातेल्यावर ठेवा.

खाजवायला मागचा पाय येतो हेही लक्षात ठेवा. काखेमागची जागा त्याच्या बरोबर टप्प्यात. मागच्या उजव्या पायात मऊ मोजा घालून वर मायक्रोपोरचा एक सैल वेढा द्या, नखं अडकणार नाहीत. दिवसातून दोनदा काढून पंजा सुजलाय का ते बघा. घरात दुसरा कुत्रा असेल तर वेगळी खोली, तो मायेने चाटतो आणि नळी ओढतो.

हार्नेस अजिबात नाही, पट्टा नेमका ड्रेनवर येतो. गळ्यातला पट्टा आणि आखूड दोरी. शी-शूपुरतं पाच मिनिटं, जिना नाही, गाडीत उडी नाही. पुढचा पाय जोरात पुढे-मागे झाला की काखेची कातडी भात्यासारखी हवा आत ओढते.

वारजेकर

हे भात्याचं वाचून दचकलो. आज सकाळपासून खांद्याजवळ हात फिरवला की कातडीखाली चुरचुर लागते, पापड मोडल्यासारखं. हेच का ते? श्वास नॉर्मल वाटतोय, खाल्लंय व्यवस्थित.

नळस्टॉप

बहुतेक तेच. ड्रेनच्या भोकातून हवा आत जाऊन कातडीखाली पसरते. चालणं कमी केलं की पसरणं थांबतं आणि अडकलेली हवा काही दिवसांत शोषली जाते. पण तुमच्या कुत्र्याला बरगड्यांवर दात लागलेत, त्यामुळे आपण आपलंच ठरवून मोकळं व्हायचं नाही. आत्ता डॉक्टरांना फोन करा, एक्स-रे स्वच्छ होता हेही सांगा. तोवर तो झोपलेला असताना श्वास मोजा. छाती वर गेली की एक, पूर्ण एक मिनिट. ३० च्या खाली असायला हवा. ४० च्या वर गेला, पोट ओढून श्वास घेऊ लागला, मान ताणून बसला, झोपायला तयारच नसेल किंवा हिरड्या पांढुरक्या-निळसर दिसल्या तर फोनवर वेळ घालवू नका, गाडीत घाला. चुरचुर कुठपर्यंत आहे तिथे कातडीवर बॉलपेनने खूण करा. दोन तासांनी खुणेपलीकडे गेली का, ते बघा.

पाषाण_रोड

माशा हा पुण्यातल्या पावसाळ्यात खरा धोका आहे, आणि ओली जखम असलेला तळमजल्यावरचा कुत्रा म्हणजे त्यांना आमंत्रणच. हिरवट-निळी चमकणारी माशी अंडी घालते ती नुसत्या डोळ्यांनी दिसतात: रव्यासारखे पांढरे-पिवळसर कण, गुच्छाने, केसांच्या मुळाशी किंवा खपलीच्या कडेला. एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडतात. म्हणून सकाळ-संध्याकाळची साफसफाई चुकवायची नाही, आणि त्या वेळी टॉर्च लावून टी-शर्टाची आतली शिवणही बघायची. अंडी दिसली तर ओल्या गॉझने टिपून काढा, बारीक दातांची फणीही चालते.

सगळ्यात स्वस्त उपाय पंखा. वाऱ्यात माशीला बसता येत नाही. कुत्रा झोपेल तिथे टेबलफॅन जमिनीवर, दिवसभर चालू. वर एका माणसाची मच्छरदाणी. भिजलेले पॅड लगेच गाठ मारलेल्या पिशवीत, घरातल्या उघड्या डब्यात नाही. कडुनिंबाचे वगैरे फवारे मिळतात ते भोवतीच्या केसांवर मारायला ठीक, पण तेलकट असतात, नळीवर आणि भोकात नाही.

अळ्या दिसल्याच तर टर्पेंटाइन, रॉकेल, फिनेल, डांबरगोळीची पूड यांपैकी काहीही ओतू नका. हे सगळं सर्रास सुचवलं जातं. ड्रेनवाल्या जखमेत ते सरळ आतल्या पोकळीत उतरतं, मांस भाजतं, आणि डांबरगोळी तर कुत्र्याला विषारीच. अळ्या दवाखान्यात चिमट्याने वेचतात आणि आत किती खोल गेल्यात ते बघतात.

शूला नेताना डबक्यांपासून लांब. साचलेल्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उघड्या जखमेतून शिरतात, आणि हा आजार माणसालाही होतो. टी-शर्टावरून मोठी प्लास्टिकची पिशवी कापून घाला, घरी आल्यावर ताबडतोब काढा. आत घाम धरतो.

औंधकर

एक गोष्ट राहिली आणि ती ड्रेनपेक्षा मोठी आहे. भटक्या कुत्र्यांनी चावलंय. रेबीजची लस आधी वेळेवर दिलेली असली तरी चावल्यावर लगेच पुन्हा टोचायची असते. डॉक्टरांनी काल दिली का ते फाइलवर बघा, तारखा लिहून घ्या. दिली नसेल तर आजच जा, शुक्रवारची वाट नाही बघायची. आणि भांडण सोडवताना घरच्या कुणाला ओरखडा, दात लागला असेल किंवा लाळेने भरलेल्या जखमेला उघड्या, कापलेल्या हाताने हात लावला असेल, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी महापालिकेच्या दवाखान्यात दाखवून माणसांची लस सुरू करा. ‘आपल्याच कुत्र्याचा दात लागला’ म्हणून सोडू नका.

औषधांचं: मेलॉक्सिकॅम पोटभर जेवणानंतरच. जेवला नाही तर तो डोस द्यायचा नाही, फोन करायचा. उलटी, काळी डांबरासारखी शी झाली तर बंद करून फोन. दवाखान्यातलं औषध संपलं म्हणून मेडिकलमधून माणसांची गोळी आणू नका. ती ७.५ किंवा १५ मिलीग्रॅमची असते. कुत्र्याचा रोजचा डोस किलोमागे ०.१ मिलीग्रॅम, म्हणजे २७ किलोला २.७. लहानात लहान गोळीसुद्धा जवळजवळ तिप्पट झाली. कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, क्रोसिन, व्होव्हेरान यांना तर हातही लावू नका. अँटिबायोटिक चौथ्या दिवशी जखम छान दिसते म्हणून बंद करू नका, लिहिलेत तेवढे दिवस पूर्ण.

भोसलेनगर_कट्टा

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या १२ किलोच्या कॉकर स्पॅनियलचा स्तनातला गोळा काल काढला. तिला नळीच्या टोकाला पारदर्शक रबरी बल्ब आहे, हातबॉम्बसारखा. त्याचंही असंच करायचं का?

नळस्टॉप

नाही, तुमचा प्रकार वेगळा. तो बंद, ओढणारा ड्रेन आहे, जॅक्सन-प्रॅट. दाबलेला बल्ब फुगताना आतलं पाणी खेचतो. त्यात बाहेरचं काही जात नाही, म्हणून घरही स्वच्छ राहतं आणि मोजमापही चोख.

दर सहा ते आठ तासांनी रिकामा करा. बल्ब १०० मिलीचा असला तरी निम्मा भरला की ओढ कमी होते, ५० च्या पुढे जाऊ देऊ नका. हात धुऊन मोजे घाला. टोपण उघडा, टोपणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. बल्ब उलटा करून औषधाच्या मापात किंवा सुई काढलेल्या २० मिलीच्या सिरिंजमध्ये पाणी ओता. आकडा, रंग, वेळ वहीत. टोपण आणि तोंड स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. आता बल्ब तळहातात पूर्ण चेपा आणि चेपलेला असतानाच टोपण लावा, मग हात सोडा. बहुतेक लोक आधी हात सोडतात, मग टोपण लावतात. बल्ब गोल गरगरीत दिसतो, ओढ शून्य, आणि दुसऱ्या दिवशी कातडीखाली पाण्याची पिशवी.

टोपण लावल्यावर बल्ब चपटा राहिला पाहिजे. पाणी न येता दहा मिनिटांत फुगला तर कुठेतरी हवा शिरतेय. टोपण नीट बसलंय का बघा, नळी-बल्बचा जोड बघा, मग कातडीजवळ बघा. नळीच्या आतल्या भागाला बारीक भोकं असतात, त्यातलं एखादं बाहेर आलं असेल तर ती सरकलीय. पुन्हा आत ढकलायची नाही. भोकावर गॉझ आणि दवाखाना.

नळीत रक्ताची गुठळी दोरीसारखी अडकलेली दिसते. कातडीजवळ नळी एका हाताच्या चिमटीत घट्ट धरा, ती चिमटी सोडायची नाही. दुसऱ्या हाताची बोटं स्पिरिटच्या बोळ्यासकट नळीवरून बल्बकडे दाबत न्या. आधीची चिमटी ढिली पडली तर सगळा ताण टाक्यावर येतो.

बल्ब टी-शर्टाला सेफ्टीपिनने लावा, पिन बल्बच्या कडीतून, नळीतून नाही. नळीला थोडी ढील ठेवा, वळसा मात्र लोंबता कामा नये, मागचा पाय अडकतो.

तिच्या वजनाला किलोमागे २ मिली म्हणजे दिवसाला २४. आकडा त्याच्या आसपास येऊन दोन दिवस तिथेच घुटमळला आणि रंग लालवरून फिकट गुलाबी, मग पिवळसर पारदर्शक झाला की डॉक्टर काढतात. सकाळी १५ आणि दुपारी एकदम २ आले तर खूश होऊ नका, आधी गुठळी शोधा.

वारजेकर

डॉक्टरांशी बोललो. श्वास २४ आहे, चुरचुर खुणेच्या आतच. चालणं बंद करायला सांगितलं, उद्या दाखवायचं. लसीचा पहिला डोस फाइलवर आहे. भावाच्या हाताला ओरखडा होता, तो आत्ता गेलाय दवाखान्यात. शेवटचं: फोन कधी करायचा ते एकत्र कुणी सांगेल? फ्रिजवर लावतो. आणि शेजारच्या पथकाचा ढोल-ताशाचा सराव संध्याकाळी सहापासून असतो, हा थरथरतो आणि पलंगाखाली घुसतो. ड्रेन घासला जाईल अशी भीती वाटते.

औंधकर

फ्रिजसाठी लिहितो.

लगेच निघायचं: लालभडक रक्त सलग पडतंय, एक पॅड अर्ध्या तासात भरला. श्वास ४० च्या वर किंवा ओढून. हिरड्या पांढऱ्या, किंवा हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर गुलाबी रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात. उभा राहत नाही. नळी तुटली, किंवा बाहेर दिसतच नाही.

त्याच दिवशी फोन: वाहणं अचानक थांबून वर सूज. पाणी दाट, पिवळं-हिरवं, किंवा वास येणारं. पहिले दोन दिवस लालसर-गढूळ आणि पुढे गुलाबी, हे ठीक. गुलाबीवरून पुन्हा गढूळ झालं तर नाही. टाक्यांची कड काळी-जांभळी आणि हाताला गार. चाव्याने चेपलेली कातडी तिसऱ्या ते पाचव्या दिवशी अशी मरते, तुमची काही चूक नसते त्यात. ताप १०३.५ फॅरनहाइटच्या वर. कुत्र्याचा नॉर्मल १०१ ते १०२.५ असतो, म्हणून १०१.५ बघून घाबरू नका. डिजिटल थर्मामीटर, टोकाला व्हॅसलीन, गुदद्वारात दोन सेंमी, शांत पडलेला असताना. ढोल वाजत असताना मोजलात तर जास्तच येईल. एक वेळचं जेवण सोडलं तर थांबा, पण ते मेलॉक्सिकॅमच्या वेळचं असेल किंवा दोन वेळचं सोडलं तर फोन.

नळी आपोआप पूर्ण बाहेर आली तर टाकू नका, झिपच्या पिशवीत घालून न्या. लांबी जुळवून आत काही राहिलं का ते कळतं. भोकावर कोरडा गॉझ, बस.

गॉझपट्टी

ढोलाचं: पलंगाखालची जागा आजच बंद करा, खोकी किंवा उशा लावून. साडेपाचला शूला नेऊन आणा, जेवण द्या. मग रस्त्यापासून लांबची खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा पूर्ण वेगात, टीव्ही मध्यम आवाजात. कोन घातलेला कुत्रा घाबरला की कडेला धडकतो, तेव्हा टेबलाचे कोपरे बाजूला करा आणि कुणीतरी जमिनीवर शेजारी बसा. मिठी मारून धरू नका, जखमेवर दाब येतो. तरी भागलं नाही तर भीती कमी करणारं औषध उद्या डॉक्टरांकडून मागून घ्या. ते आवाज सुरू व्हायच्या तास-दीड तास आधी द्यावं लागतं. घरातली झोपेची गोळी नाही.

शनिपार

आणि शुक्रवारी परत आल्यावर काय होतं ते आधीच सांगून ठेवतो. डॉक्टर टाका कापून नळ्या ओढतात, दोन मिनिटांचं काम, बहुतेक वेळा भूल लागत नाही. दोन गेल्या होत्या, दोन पूर्ण बाहेर आल्या का, ते समोर बघून घ्या, तुमचे फोटो सोबत असू द्या. भोकांना टाका घालत नाहीत, मुद्दाम उघडी सोडतात, राहिलेलं पाणी निघून जावं म्हणून. एक-दोन दिवस थोडं पाझरतं, आठवड्याभरात भोकं आपोआप आवळतात. तेवढे दिवस पॅडवाला टी-शर्ट आणि सलाईन सुरूच. कोनही सुरूच, मुख्य टाके निघेपर्यंत, म्हणजे ऑपरेशनपासून दहा ते चौदा दिवस. आंघोळ त्यानंतर.